कॉलोराडोतील वीज नियोजन आणि स्थानिक शासनसंस्था

अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यात खासगी वीज कंपनीने कार्बन उत्सर्जन किती वेगाने घटवावे, यासंबंधीच्या सुनावणीत शहरे व काउंट्या औपचारिक पक्षकार म्हणून भाग घेतात. राज्यातील सर्वांत मोठी वीज कंपनी पब्लिक सर्व्हिस कंपनी ऑफ कॉलोराडो ही मिनियापोलिसस्थित एक्सेल एनर्जीची उपकंपनी आहे. तिच्या योजनेविषयी बोल्डर शहर आणि प्वेब्लो काउंटी यांचे हितसंबंध परस्परविरोधी राहिले आहेत.

कार्यपद्धती

वीज कंपनी आपली दीर्घकालीन संसाधन योजना राज्याच्या सार्वजनिक उपयोगिता आयोगापुढे सादर करते. आयोगाच्या तीन सदस्यांची नेमणूक राज्यपाल करतात. पक्षकार म्हणून मान्यता मिळालेल्या शहराला लेखी साक्ष देता येते, कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते आणि तडजोडीवर सही करता येते. अंतिम निर्णय मात्र आयोगाचाच असतो. २०१९ च्या राज्य कायद्याने कंपनीवर २०३० पर्यंत उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. त्यामुळे उत्सर्जन घटवावे की नाही हा प्रश्न मागे पडला आणि कोणते संच केव्हा बंद करायचे, यावर वाद केंद्रित झाला.

बोल्डर

बोल्डरने आरंभी सुनावणीचा नव्हे, तर फारकतीचा मार्ग धरला. २०१० मध्ये कंपनीशी असलेला करार शहराने पुढे चालू ठेवला नाही. २०११ मध्ये मतदारांनी शहराची स्वतःची वीज संस्था स्थापन करण्याच्या बाजूने कौल दिला. तारा व उपकेंद्रे ताब्यात घेण्याचा प्रयत्न न्यायालये आणि आयोग यांच्यात सुमारे दशकभर अडकून पडला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी कंपनीशी २० वर्षांचा नवा करार मंजूर केला. कंपनीने उत्सर्जनाची उद्दिष्टे गाठली नाहीत, तर शहराला करारातून बाहेर पडता येईल, अशी तरतूद त्यात आहे. दरम्यान, डिसेंबर २०१८ मध्ये एक्सेलने २०५० पर्यंत पूर्णतः कार्बनमुक्त वीज देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. त्यामागे बोल्डरच्या दबावाचा वाटा किती, हे मोजणे कठीण आहे.

प्वेब्लो

पोलाद कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्वेब्लोत कोमांचे हे कोळशावरील वीज केंद्र आहे. त्यातील सुमारे ७५० मेगावॅटचा तिसरा संच २०१० मध्ये सुरू झाला. केंद्र प्वेब्लोत असले तरी प्वेब्लो शहराच्या रहिवाशांना वीज पुरवणारी कंपनी वेगळीच, ब्लॅक हिल्स एनर्जी, आहे. काउंटीला केंद्रापासून मिळतो तो मालमत्ता कर आणि रोजगार. शाळा व अन्य स्थानिक सेवा या करावर अवलंबून असल्याने, केंद्र लवकर बंद करण्याची मागणी म्हणजे स्थानिक अंदाजपत्रकावर थेट आघात ठरतो.

मार्च २०२१ मध्ये कंपनीने मूळ २०७० पर्यंत चालण्याची अपेक्षा असलेला तिसरा संच २०४० मध्ये बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. हा संच वारंवार बंद पडत होता. २०२० चा बराचसा काळ तो बंदच होता. पर्यावरण संघटनांनी २०४० ही मुदत फार लांबची ठरवली, तर प्वेब्लोला करबुडीची चिंता होती. वाटाघाटींनंतर नोव्हेंबर २०२१ च्या तडजोडीत ही मुदत २०३४ अखेरपर्यंत आणि २०२२ मध्ये १ जानेवारी २०३१ पर्यंत अलीकडे आली. त्याबरोबर, संच बंद झाल्यानंतर २०४० पर्यंत काउंटीला कराच्या बदल्यात साहाय्य देण्याचे कंपनीने मान्य केले. मुदत अलीकडे आणणे आणि भरपाई वाढवणे या दोन गोष्टी एकाच तडजोडीत बसल्या, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य मानता येईल.

पुढील प्रश्न

केंद्राचा पहिला संच २०२२ अखेर बंद झाला. प्वेब्लोजवळ ३०० मेगावॅटचा बिगहॉर्न सौर प्रकल्पही उभा राहिला आहे. त्याचा संबंध पोलाद कारखान्याच्या वीजपुरवठ्याशी आहे. परंतु बांधकाम संपल्यावर सौर प्रकल्पाला मनुष्यबळ अत्यल्प लागते. म्हणून कोमांचेच्या जागी काय उभारावे यावर स्थानिक सल्लागार समिती नेमण्यात आली. तिने २०२४ च्या आरंभी दिलेल्या अहवालात, कर आणि रोजगार यांची भरपाई करू शकेल असा पर्याय म्हणून प्रगत अणुऊर्जेची शिफारस केली.