सीपॅपचं मशीन माळ्यावर जाण्याआधी

“डॉक्टर, ते डबडं मी दिवाळीतच माळ्यावर टाकलं.”

हे मला कळलं फेब्रुवारीत, तेही मी विचारलं म्हणून. पेशंट पन्नाशीचे, उसाचा ट्रक चालवणारे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) झोपेच्या तपासणीत तासाला चाळीसहून जास्त वेळा श्वास अडकत असल्याचं दिसलं होतं. तज्ज्ञांनी सीपॅप लिहून दिलं, घरच्यांनी पैसे जमवून मशीन घेतलं. मधल्या काळात ते दोनदा माझ्याकडे रक्तदाब तपासायला आले. दोन्ही वेळा तो वाढलेला होता, आणि मी एक गोळी वाढवून दिली. मशीन घेतलंय म्हणजे लावत असतील, असं मी गृहीत धरलं. विचारलंच नाही. चूक माझी होती.

माळ्यावर का टाकलं, हे विचारल्यावर उत्तर साधं निघालं. त्यांची मिशी भरघोस. मास्कची कड मिशीवर टेकायची, तिथून हवा निसटून डोळ्यांत जायची. म्हणून ते पट्टे आवळायचे. आवळल्यावर नाकावर वळ उठायचा. आठ रात्री सोसलं, नवव्या रात्री बंद. दोष आजाराचा नव्हता, मशीनचाही नव्हता. मास्कचा प्रकार चुकला होता, एवढंच.

माझा दवाखाना सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे, सांगलीची हद्द जवळ. मी झोपेच्या आजारांचा तज्ज्ञ नाही. तपासणी आणि हवेचा दाब ठरवणं हे छातीरोगतज्ज्ञांचं काम. पण मशीन घरी आल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस पेशंट आणि त्याचं घर एकटं असतं, आणि तेव्हाच्या तक्रारी आमच्यासारख्या जवळच्या डॉक्टरकडे येतात. किंवा येतच नाहीत, आणि मशीन माळ्यावर जातं. हा लेख त्या पंधरा दिवसांसाठी आहे.

मशीन नेमकं काय करतं

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की हवा आत जात नाही. ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, मोठ्ठं घोरणं ऐकू येतं आणि पुन्हा तेच. रात्रीत शेकडो वेळा. सकाळी माणसाला आठवत काहीच नाही. फक्त डोकं जड आणि दिवसभर पेंग. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात 19.5 टक्के पुरुषांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास दिसला, आणि त्यासोबत दिवसा झोप येणारे 7.5 टक्के होते. बायकांमध्येही हा आजार असतो, पाळी गेल्यानंतर जास्त. पण “बाई घोरते” हे घरात कुणी बोलत नाही, म्हणून निदान उशिरा होतं.

सीपॅप खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकातून आत सोडतं. त्या हवेच्या आधाराने घसा उघडा राहतो. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी 1981 मध्ये पाच रुग्णांवर हा उपाय करून दाखवला. सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावत. आजचं मशीन उशाशी ठेवलं तर पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाही.

“हे म्हणजे व्हेंटिलेटरच की”

नाही. आणि ही भीती कुठून आली, तेही मला ठाऊक आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत सातारा आणि सांगलीत रुग्ण लवकर कमी होत नव्हते. कोविड वॉर्डात तोंडावर घट्ट मास्क लावलेली आपली माणसं लोकांनी पाहिली, काहींची ती शेवटची भेट ठरली. त्यामुळे घरात मास्कचं खोकं आलं की आई रडायला लागते, हे मी पाहिलं आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. सीपॅपमध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर नसतं. श्वास तुमचा तुम्हीच घेता. वीज गेली तर मास्क काढायचा, श्वास थांबत नाही. याची ‘सवय लागून’ फुप्फुसं आळशी होत नाहीत. चष्म्यासारखं आहे. लावला की दिसतं, काढला की नंबर तोच.

मास्कला बारीक भोकं असतात आणि तिथून सुरसुर हवा येत राहते. ती गळती नव्हे. बाहेर सोडलेला श्वास तिथून निघून जावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. आवाज येतो म्हणून त्यांना चिकटपट्टी लावणारे भेटले आहेत. हे कधीही करू नका.

पहिले दिवस

पहिल्याच रात्री मास्क बांधून सात तास झोपायचं, असं ठरवलंत तर बहुधा हराल. सुरुवात दिवसा करा. टीव्ही बघताना मास्क नुसता हातात धरून नाकावर टेकवा. मग पट्टे लावा. मग मशीन सुरू करून वीस-तीस मिनिटं बसा. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने. जीव गुदमरल्यासारखं वाटलं तर काढा, पाणी प्या, पुन्हा लावा. चार-पाच दिवसांत मेंदूला कळतं की हे आपल्याला मारायला आलेलं नाही. दुपारी वामकुक्षी घेत असाल तर तीही मास्क लावूनच घ्या.

बहुतेक मशीनमध्ये ‘रॅम्प’ नावाची सोय असते. सुरुवातीला दाब कमी, मग तो हळूहळू वाढतो. श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोयही असते. विक्रेत्याने या दोन्ही सुरू करून दिल्या आहेत का, ते विचारा. मूळ दाब मात्र स्वतः कमी-जास्त करू नका.

मास्क बसत नसेल तर

मला भेटलेल्या दहातल्या सात तक्रारी इथेच येऊन थांबतात. मास्क बसून, आरशासमोर, मशीन बंद ठेवून बांधला जातो. आडवं झालं की गाल सरकतात आणि बसवलेलं बिघडतं. तेव्हा मशीन सुरू करून, उशीवर डोकं ठेवून, कुशीवर वळून पट्टे जुळवा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. घट्ट आवळल्याने गळती वाढते, कारण रबराची उशी चेपली जाते आणि फुगून चेहऱ्याला टेकतच नाही.

मिशी ठेवायची असेल, आणि आपल्याकडे ती ठेवायची असतेच, तर फक्त नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क मागा. आमच्या ट्रकवाल्यांना तोच लागला. दाढीवाल्यांना तोंड झाकणारा मोठा मास्क सहसा नीट बसत नाही. झोपताना चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर मास्क घसरतो, म्हणून तोंड साबणाने धुऊन मगच लावा. बायकांनी चमकी किंवा नथ काढून ठेवावी, अंबाडा सोडून सैल वेणी घालावी म्हणजे मागचा पट्टा वर सरकत नाही, आणि मंगळसूत्र नळीत अडकणार नाही असं आत घ्यावं. कवळी रात्री काढत असाल तर मास्कचं माप कवळी काढूनच घ्यायला सांगा. कवळीशिवाय गाल आत जातात आणि माप बदलतं.

मास्क बदलून मिळतो का, हे खरेदीआधी विचारा. त्याहून बरं म्हणजे मशीन महिनाभर भाड्याने घ्या. पुणे, मिरज, कोल्हापूरकडे अशी सोय करणारे विक्रेते आहेत. चाळीस-पन्नास हजारांच्या घरातली वस्तू न वापरता घेण्यात शहाणपण नाही. कुणाचं वापरलेलं मशीन स्वस्तात मिळत असेल तर आणखी सावध. जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून लाखो मशीन परत मागवली होती. अशा यादीतलं मशीन तुमच्या हाती येऊ नये. मशीनवरचा क्रमांक कंपनीकडे तपासून घ्या.

नाक, घसा, पोट

नाक चोंदलेलं असेल तर मास्क कुठलाही घ्या, त्रास होणारच. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे मारा. ॲलर्जी असेल तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा, त्यावर चांगले नाकाचे फवारे आहेत. दुकानातून आणलेले ‘नाक मोकळं करणारे’ थेंब मात्र चार-पाच दिवसांच्या वर घालू नका. नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदतं. तपकीर ओढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर झोपेत तोंड उघडतंय. आधी नाक सुधारा, मग गरज पडल्यास मोठा मास्क. कोरड्या हवेसाठी मशीनला पाण्याची टाकी असते, तिला ह्युमिडिफायर म्हणतात. त्यात औषध दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घाला. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नको! बोअरच्या पाण्याने टाकीला पांढरा थर चढतो. अडचणीच्या रात्री उकळून गार केलेलं फिल्टरचं पाणी चालेल. टाकी रोज रिकामी करून वाळवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत नळीतच पाणी साचून नाकावर थेंब पडतात. तेव्हा टाकीची उष्णता कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन गादीपेक्षा खाली ठेवा.

पोट फुगणं, ढेकर येणं म्हणजे हवा गिळली जातेय. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी घ्या. तरीही थांबलं नाही तर तज्ज्ञांना सांगा, दाबात बदल करता येतो.

मास्कची उशी रोज, नळी आठवड्याला, सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. स्पिरिट, डेटॉल नको. फिल्टर आठवड्याला बघा. कारखान्याच्या गाळप हंगामात बॉयलरची काजळी आणि जळत्या पाचटाचा धूर असतो, तेव्हा तो दोन-चार दिवसांतही काळा पडतो.

किती तास पुरे?

सुरुवातीचं उद्दिष्ट रात्री किमान चार तास ठेवा. पण ते अंतिम नाही. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत घसा सर्वांत सैल असतो, आणि नेमकं तेव्हाच, लघवीला उठल्यावर, लोक मास्क काढून ठेवतात. उठताना मास्क काढू नका, नळी सोडवा आणि परत येऊन जोडा.

फायद्याबद्दल खरं सांगतो. घोरणं पहिल्याच रात्री थांबतं. एका पेशंटच्या पत्नी त्या शांततेनेच घाबरून दोनदा उठल्या आणि नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून आल्या. दिवसाची पेंग काही दिवसांत उतरते. रक्तदाब मात्र सरासरी थोडाच खाली येतो, म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. हृदयाबद्दल तर 2016 च्या ‘सेव्ह’ या मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातले रुग्णही होते, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्यांमध्ये सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. त्या अभ्यासात लोकांनी मशीन रात्री सरासरी 3.3 तासच लावलं होतं. जास्त लावलं असतं तर निकाल बदलला असता का, यावर वाद आहे. माझं मत असं: हृदयासाठी वचन देऊ नये, पण स्टिअरिंगवर डुलकी येणाऱ्या माणसासाठी एवढा वाद घालत बसू नये. खंबाटकी घाटात एक डुलकी पुरते. पेंग जाईपर्यंत गाडी चालवणं बंद, मग ती दुचाकी का असेना.

रात्रीची दारू आणि स्वतःहून घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करतात. दोन्ही बंद.

दर भेटीला मशीनचं कार्ड किंवा मोबाइलवरची नोंद घेऊन या. त्यात तास, गळती आणि उरलेला एएचआय दिसतो. तो सहसा 5 च्या आत हवा. तास भरपूर, आकडा चांगला, तरी पेंग जात नसेल तर दुसरं कारण शोधावं लागतं. नाकातून वारंवार रक्त येत असेल, उलट्या होत असतील, चेहऱ्याचं किंवा डोक्याचं ऑपरेशन अथवा मोठी दुखापत झाली असेल तर मशीन न लावता आधी डॉक्टरांना विचारा. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सीपॅपबद्दल सांगा आणि मशीन दवाखान्यात सोबत न्या.

वीज, वारी आणि ट्रक

पावसाळ्यात पाटण, जावळीकडे रात्रभर वीज नसणं नवीन नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवला तर वीज फारच कमी लागते आणि बॅटरी सकाळपर्यंत टिकते. लोणंद-फलटणच्या मुक्कामांसाठी वारीला निघालेल्या एका आजोबांनी विचारलं होतं, मशीन नेऊ का? न्या. लहान बॅटरी मिळते, दिवसा दिंडीच्या गाडीवर चार्ज करता येते. तंबूतल्या धुळीसाठी जास्तीचे फिल्टर घ्या.

आमचे ट्रकवाले आता आठवड्यातल्या तीन रात्री केबिनमध्ये झोपतात, मशीन लावून. अनेक मशीनना गाडीच्या बॅटरीवर चालणारा अडॅप्टर मिळतो, पण मोठ्या ट्रकची वायरिंग बहुधा 24 व्होल्टची असते, तसं दुकानदाराला सांगूनच तो घ्यावा लागतो. त्यांनी टाकी घरी ठेवली आहे, अडॅप्टर आणि दोन फिल्टर डॅशबोर्डच्या खणात असतात. मिशी आहे तशीच आहे.