सुटून आलेल्याशी लग्न : आधी तपासणी, मग अक्षता

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाशी संसार मांडावा काय, याची चर्चा ताडकळससारख्या गावात पारावर मोठ्याने होते. दवाखान्यात मात्र तोच प्रश्न दबक्या आवाजात येतो, आणि विचारणारी बहुधा ती बाईच असते. माणूस कसा निघेल हे डॉक्टर सांगू शकत नाही. पण शरीर आणि मन आतून काय घेऊन येते, ते सांगता येते.

शिक्षा झालेल्याला संसार झेपतो काय? सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९ साली ती सुरू झाली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. १९५७ चा शांतारामबापूंचा ‘दो आंखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. विश्वास आणि काम मिळाले की माणूस सावरू शकतो, हाच त्याचा धडा.

आता तपासणीचे पाहू.

१) क्षय : तुरुंगात गर्दी असते, हवा खेळती नसते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट असेल तर बेडका तपासावा. सरकारी रुग्णालयात तपासणी व औषध मोफत आहे. साधा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो.

२) रक्त : एचआयव्ही, ‘ब’ व ‘सी’ कावीळ आणि गुप्तरोग यांची तपासणी दोघांनीही करावी, एकट्या त्यानेच नव्हे. धोका अलीकडचा असेल तर एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. ‘ब’ काविळीची लस असते. तिचे तीन डोस पूर्ण करावेत. एचआयव्ही निघाला तरी सारे संपत नाही. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

३) झोप व मन : आत वर्षानुवर्षे मोजणी, कुलूप आणि रात्रभर दिवा. त्यामुळे बाहेर आल्यावर अंधारात झोप येत नाही, बाजारच्या गर्दीत जीव घाबरतो, बोलणे आटते. बायकोला वाटते, याला माझी माया नाही. सुरुवातीला शरीरसंबंध जमला नाही तर त्यामागे बहुधा धास्ती असते. ताकदीच्या पुड्या घेऊ नयेत, धीर धरावा. त्रास लांबला तर डॉक्टरांना भेटावे, किंवा मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे.

४) दारू : बराच काळ न घेतल्याने शरीराची सहनशक्ती घटते. पूर्वीइतकी घेतली तर जिवावर बेतू शकते. न घेणेच उत्तम.

भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्याचा गुन्हा काय होता, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाईवर हात उचलल्याची शिक्षा असेल तर दहा वेळा विचार करा. ‘माझ्या प्रेमाने तो बदलेल’ या भरवशावर हळद लावून घेऊ नका. लग्नानंतर मारहाण झाली तर ‘आत राहून असा झाला’ म्हणून सोसू नका. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आणि गावकऱ्यांनो, त्याला मजुरीला बोलवा. रोज कामाला जाणाऱ्याला रात्री झोप लागते, घरात चार पैसे येतात. बायकोलाही मान वर करून पाण्याला जाता येते.