लेखांक ७ : स्तनात टाकी नसते

सपाट आणि आत वळलेल्या बोंड्यांविषयी या वेळी लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलते आहे, कारण एका प्रशिक्षणार्थी सिस्टरने विचारलेला प्रश्न मला बाजूला ठेवता येईना. ती म्हणते, "मॅडम, तुम्ही शिकवलंत की दूध कोषांमध्येच साठतं. आमच्या पुस्तकातल्या आकृतीत तर बोंडीच्या मागे, काळ्या भागाखाली, प्रत्येक नळी फुगून तिची टाकी झालेली दाखवली आहे. बाळ हिरड्यांनी त्या टाक्या दाबतं म्हणून दूध येतं, असंही लिहिलंय. परीक्षेत काय काढू?"

टाक्या काढू नका. त्या नसतात. पण त्या पुस्तकात आल्या कशा, हे समजून घेतलंत तर आकृती पाठ करावी लागणार नाही.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातले शल्यविशारद सर अॅस्टली कूपर यांचा स्तनरचनेवरचा ग्रंथ १८४० साली निघाला. स्तनाला आतून तोलून धरणाऱ्या तंतूंना आपण ज्यांच्या नावाने ओळखतो, तेच हे कूपर. अंगावर पाजत असताना दगावलेल्या स्त्रियांच्या स्तनांत त्यांनी बोंडीच्या छिद्रांतून रंगीत मेण भरलं आणि नळ्यांचं जाळं उघडं केलं. ती चित्रं आजही बघत राहावीत अशी आहेत. नळ्या एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, हे त्यांनी इतक्या बारकाईने दाखवलं आहे की नंतरच्या दीडशे वर्षांत त्यांच्या पुढे फारसं कोणी गेलं नाही. मात्र नळीची भिंत मऊ असते. दाबाने मेण भरलं की ती फुगते. बोंडीच्या मागचे ते फुगवटे चित्रात उतरले, पुढच्या पुस्तकांनी ते आणखी ठसठशीत केले, आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात टाक्या चालत राहिल्या.

जिवंत, दूध पाजणाऱ्या आईचा स्तन नीट पाहिला गेला तो ऑस्ट्रेलियात पर्थला. पीटर हार्टमन यांच्या गटातल्या डॉना रॅम्से (पुढे गेडिस) यांनी २१ स्तनदा मातांची सोनोग्राफी करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. टाक्या कुठेच दिसल्या नाहीत. बोंडीकडे येणाऱ्या मुख्य नळ्या सरासरी नऊ निघाल्या. कोणाच्या चार, कोणाच्या अठरा. जुनी पुस्तकं पंधरा ते वीस सांगत. कूपरनी स्वतः बऱ्याचदा सात ते दहाच नळ्या भरल्या होत्या, म्हणजे या बाबतीत त्यांचा आकडा नंतरच्या पुस्तकांपेक्षा बरोबर होता! नळीचा व्यास जेमतेम दोन मिलिमीटर. आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट ही, की दूध तयार करणाऱ्या ऊतीचा सुमारे ६५ टक्के भाग बोंडीच्या बुडापासून तीन सेंटिमीटरच्या आतच असतो. ही तीन सेंटिमीटर लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागतील.

तर बोंडीमागे साठा नाही. मग दूध बाहेर येतं कसं? सगळी भिस्त पान्ह्यावर. बाळ ओढू लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कोषांभोवतीच्या स्नायुपेशी आवळतात आणि दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. तेवढ्यापुरत्या नळ्या रुंदावतात. पान्हा ओसरला की न प्यायलेलं दूध उलटं मागे कोषांकडे जातं. पर्थच्या पडद्यावर दुधातले स्निग्धकण असे माघारी फिरताना दिसले आहेत. एकदा पाजताना पान्हा अनेकदा फुटतो, आईला बहुधा पहिलाच जाणवतो.

घरी गोठा असलेल्या मुलींना हे मी म्हशीवरून सांगते. गाईच्या कासेत सडाच्या वर खरोखरच टाकी असते आणि धार काढण्याआधी साधारण पाचवा हिस्सा दूध तिथे उतरलेलं असतं. म्हशीची टाकी अगदी लहान, त्यात जेमतेम विसावा हिस्सा. म्हणून पारडू लावल्याशिवाय, कास धुतल्या-चोळल्याशिवाय, पुढ्यात आंबोण ठेवल्याशिवाय म्हैस पान्हवत नाही आणि पान्हवली नाही तर सड कितीही ओढा, भांडं रिकामं. बाईच्या स्तनात तर तेवढीही टाकी नाही. गोठ्यात जी सबुरी आपण सहज दाखवतो ती बाळंतिणीच्या खाटेशी मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाळ एनआयसीयूत आहे, पाचवा-सहावा दिवस आहे, आई स्टीलच्या वाटीत दूध काढायला बसली आहे. पाठीमागे घाई. मिनिटभर दाबलं, चार थेंब आले, की कोणीतरी म्हणतंच, "हिला दूधच नाही." त्या आईला टेकून बसवा. पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, खांद्यांच्या फऱ्यांपर्यंत अंगठ्यांनी चोळा. मोबाइलवर बाळाचा फोटो असेल तर समोर धरा. मग अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे, मग सोडा. त्वचेवरून बोटं घासत आणू नका. थोडा वेळ काहीच येत नाही. मग एक थेंब बोंडीच्या टोकाशी जमतो, दुसरा त्याच्या शेजारच्या छिद्रातून. आणि अचानक तीन-चार केसासारख्या धारा वेगवेगळ्या दिशांना उडतात, त्यातली एक हमखास वाटीबाहेर. टाकी दाबायची म्हणून बोटं तिथे ठेवा असं जुनं पुस्तक सांगत होतं. जागा जवळपास तीच, पण बोटांखाली येतात त्या दूध तयार करणाऱ्या ग्रंथी.

बाळाच्या तोंडाचंही तसंच. काळ्या भागाचा मोठा घास तोंडात हवा, हे आजही खरं, फक्त कारण वेगळं आहे. जीभ खाली जाते तेव्हा तोंडात निर्वात निर्माण होतो आणि त्या क्षणी दूध वाहतं, हे गेडिस यांनी २००८ साली सोनोग्राफीतून दाखवलं. बोंडी टाळूच्या कडक आणि मऊ भागांच्या सांध्याजवळ पोचली तरच हे नीट जमतं. नुसती बोंडी तोंडात असेल तर ती जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चेपली जाते. मग नळ्याही चेपतात आणि बोंडीला चिरा पडतात.

नळ्या चेपण्यावरून कैचीच्या पकडीबद्दल सांगते. बाळाचं नाक दबेल या भीतीने आपल्याकडे आज्या, मावश्या सुनेला तर्जनी आणि मधलं बोट कैचीसारखं लावायला शिकवतात, आणि ती बोटं नेमकी काळ्या भागावर रुततात. नळ्या तिथे कातडीच्या अगदी लगत असतात, थोड्याशा दाबानेही बंद होतात. आजींना "चुकतंय" म्हणू नका. त्यांच्यासमोरच सुनेचा हात मागे, बरगड्यांशी न्या, अंगठा वर आणि चार बोटं खाली ठेवा. बाळाचा पार्श्वभाग आईच्या पोटाकडे ओढा, म्हणजे डोकं आपोआप थोडं मागे जातं आणि नाक मोकळं होतं. हे बघून आजी पुढच्या बाळंतिणीला स्वतःच शिकवतात.

आता परीक्षा. नळ्या सारख्या रुंदीच्या काढा, बोंडीच्या जवळूनच त्यांना फांद्या फोडा, बाजूला "सरासरी ९, पल्ला ४ ते १८" लिहा. तोंडी परीक्षेत विचारलं तर पर्थ आणि २००५ सांगा. परीक्षकांकडे जुनी आवृत्ती असली तरी एवढं सांगितल्यावर ते पुढे विचारतील, आणि पुढचं तुम्हाला येतं.

पुढच्या लेखांकाआधी वॉर्डात एक काम करा. पाजणाऱ्या आईजवळ बसून बाळाच्या ओढण्याकडे बघा. सुरुवातीला सेकंदाला दोनेक वेळा, हलकं, भराभर. मग लय बदलते, ओढ लांब आणि खोल होते, गिळल्याचा आवाज येतो. त्याच वेळी आईच्या दुसऱ्या बाजूला ब्लाउज ओला होतो का तेही बघा. किती वेळाने लय बदलली ते वहीत लिहा, शक्य तितक्या आयांचं. सपाट बोंडीच्या बाळाला ही लय का सापडत नाही, ते पुढच्या आठवड्यात त्या नोंदींवरूनच बोलू.