परदेशातील एक सत्र : विद्यापीठ कसे निवडावे?

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, आपल्या विद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरवाडीची ही मुलगी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होती. पदवीचे एक सत्र परदेशी विद्यापीठात पूर्ण करण्याची संधी तिच्या महाविद्यालयाने देऊ केली होती. तिच्या वहीत तीन नावे होती : नॉर्वेतील ट्रॉन्हेम, न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक. प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. एकात अभ्यासाचे विषय, दुसऱ्यात जवळचे डोंगर. "सर, मला तिथे गिर्यारोहणही शिकायचं आहे," ती म्हणाली.

खरे सांगतो, मला ते आवडले नाही. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कला आणि लंडनला ग्रंथालयांत दिवसच्या दिवस काढले; आणि आपली मुलगी परदेशी जाऊन डोंगर चढणार? पुढील काही आठवडे आम्ही तिघांनी त्या वहीवर विचार केला. तेव्हा जे शिकलो, ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून या स्मरणिकेत मांडत आहे.

प्रथम विनिमय-सत्र म्हणजे काय, ते पाहू. यात विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाचा राहतो, शुल्कही बहुधा येथेच भरतो आणि एक सत्र परदेशात शिकून परततो. तेथे मिळालेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, येथील पदवीत धरले जातात. यासाठी दोन्ही संस्थांमध्ये करार असावा लागतो. म्हणून निवड जगाच्या नकाशावरून होत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या करारांच्या यादीतून होते. पहिली चौकशी तेथे करावी.

बाबासाहेबांच्या चरित्रात याच्या जवळ जाणारा एक प्रसंग आहे. लंडनचे शिक्षण चालू असतानाच त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी जर्मन भाषेत अर्ज केला आणि तेथे नाव नोंदवले. कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात त्यांनी अर्थशास्त्राच्या 29 आणि इतिहासाच्या 11 अभ्यासक्रमांबरोबर प्राथमिक जर्मनचाही एक अभ्यासक्रम घेतला होता. आधी शिकून ठेवलेली भाषा पुढे दार उघडते, ते असे. बॉनला त्यांना फार काळ राहता आले नाही. लंडनच्या प्रबंधाचे काम आणि पैशाची ओढाताण यांमुळे 1923 च्या एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले. मूळ पदवी आधी, जोडशिक्षण नंतर, हा क्रम त्यातून आपण घ्यावा.

या दृष्टीने वही पुन्हा पाहिली आणि इन्सब्रुक गळाले. तेथील विद्यापीठ 1669 चे, शहर आल्प्सच्या कुशीतले. डोंगरासाठी याहून चांगली जागा नाही. परंतु पदवीच्या पातळीवर स्थापत्यशास्त्र तेथे मुख्यतः जर्मनमधून शिकवतात. शिवाय तेथील हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारीच्या अखेरपर्यंत चालते, म्हणजे आपल्याकडील दोन सत्रांच्या मध्ये येते. एका सत्रासाठी दोन सत्रे गमावणे परवडणारे नव्हते. ट्रॉन्हेमचे सत्र ऑगस्ट ते डिसेंबर आणि ख्राइस्टचर्चचे दुसरे सत्र जुलै ते नोव्हेंबर. ही दोन्ही आपल्या पहिल्या सत्राशी जुळतात.

दुसरी पायरी श्रेयांकांची. ट्रॉन्हेमला पूर्ण सत्र 30 श्रेयांकांचे, ख्राइस्टचर्चला 60 गुणांचे. आकडा दुप्पट दिसला तरी दोन्हीकडे साधारण चारच विषय असतात. म्हणून आकड्याला आकडा न लावता विषयाला विषय लावावा, आणि कोणत्या विषयाऐवजी कोणता विषय धरला जाईल हे निघण्यापूर्वीच आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर विमानात बसू नये.

तिसरी पायरी पैशाची. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आपल्या मुलांना ठाऊक असते. परंतु या दोन्ही योजना परदेशातील पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी.साठी आहेत, पदवीच्या एका सत्रासाठी नाहीत. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेतून विनिमयासाठी प्रवासखर्च आणि मासिक भत्ता मिळू शकतो, मात्र त्यासाठी दोन्ही संस्था त्या योजनेत सहभागी असाव्या लागतात. नॉर्वेने 2023 पासून युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले, पण करारातून येणाऱ्या विनिमय-विद्यार्थ्यांना ते नाही. तरीही विमानभाडे, खोली, जेवण, विमा आणि थंडीचे कपडे उरतातच, आणि व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाइतकी रक्कम दाखवावी लागते. बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठवले, मित्राचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. आपल्या मुलीसमोरही हिशेबाचा कागद आधी आला पाहिजे.

आता उरला डोंगराचा रकाना. तो मी पुसायला निघालो होतो. तेव्हा तिचे वडील म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी दोर टाकता येणारी माणसं आमच्याकडं असती तर?"

'त्या दिवशी' म्हणजे 22 जुलै 2021. त्या एका दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. महाड शहर पुराखाली होते. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहनांसह वाहून गेला. ज्या खोऱ्यात रस्ता तुटला की वाडी एकाकी पडते, तेथे दोर बांधता येणे, उतार वाचता येणे आणि वाहत्या पाण्यात तोल सांभाळणे ही चैन नव्हे. शिवाय डोंगर आपल्या मुलांना परका नाही. आंबेनळी आणि वरंध घाटांच्या आजूबाजूच्या पाऊलवाटांनी आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझे घेऊन चढली. त्या चालण्याला कोणी खेळ म्हटले नाही, एवढेच.

खेळाची निवडही मग आम्ही अभ्यासासारखीच केली. पहिला प्रश्न ऋतूचा. जुलैत न्यूझीलंडमध्ये हिवाळा असतो. उंच डोंगरांवर बर्फ आणि हिमकडे कोसळण्याचा धोका, नवख्याने जाऊ नये असा काळ. ट्रॉन्हेमला ऑगस्ट-सप्टेंबर चालण्यासाठी उत्तम, पण डिसेंबरात दिवस जेमतेम साडेचार तासांचा. दुसरा प्रश्न शिकवणाराचा : विद्यार्थ्यांचा क्लब आहे का, तो नवख्यांना शिकवतो का, साहित्य भाड्याने देतो का? ट्रॉन्हेमच्या विद्यार्थी क्रीडा संघटनेच्या आसपासच्या रानात स्वतःच्या लाकडी झोपड्या आहेत. ख्राइस्टचर्चला डोंगर तुडवणाऱ्या विद्यार्थ्यांचा क्लब आहे आणि न्यूझीलंडच्या सरकारी संवर्धन विभागाच्या नऊशेहून अधिक निवारा-झोपड्या देशभर आहेत. तिसरा प्रश्न विम्याचा. साध्या प्रवासविम्यात गिर्यारोहणाचा अपघात बहुधा वगळलेला असतो. ती बारीक अक्षरे पालकांनी स्वतः वाचावीत. न्यूझीलंडमध्ये अपघाती दुखापतीच्या उपचारांना तेथील सरकारी योजना पाहुण्यांनाही साहाय्य करते. पण मायदेशी परत आणण्याचा खर्च तीत येत नाही.

चौथा प्रश्न मात्र इतिहासाच्या शिक्षकाला सुचावा असा होता : ती जमीन आणि ते पाणी कोणाला खुले आहे? नॉर्वेत 1957 च्या कायद्याने पडीक रान, डोंगर आणि किनारा यांवर मालक कोणीही असो, पायी फिरण्याचा, मुक्कामाचा आणि पाण्यात उतरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. शेत आणि घराचे आवार तेवढे वगळले आहे. हे वाचताना मला महाड आठवले नसते तरच नवल. येथे नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी 20 मार्च 1927 रोजी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. अशा गावच्या मुलीने, जेथे पाण्याजवळ जाताना कोणी जात विचारत नाही असा देश पाहून यावा, हेही शिक्षणच आहे.

शेवटी विषयानेच निर्णय दिला. ख्राइस्टचर्चला 2011 च्या भूकंपानंतर जमिनीच्या द्रवीकरणाचा मोठा अभ्यास झाला आहे. नॉर्वेत समुद्रतळाची जुनी चिकणमाती वर आली, पावसाने तिच्यातील मीठ धुऊन नेले, की ती एकाएकी पातळ होऊन वाहते. 30 डिसेंबर 2020 रोजी येर्ड्रम येथे अशाच दरडीत दहा माणसे गेली. आपल्या सह्याद्रीची माती निराळी. येथे अतिवृष्टीचे पाणी झिजलेल्या थरांत शिरून दाब वाढवते आणि उतार सुटतो. परंतु माती आपली ताकद केव्हा गमावते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. तिने ट्रॉन्हेम निवडले.

ती परत आली त्याला आता वर्ष होईल. चारही विषय पदवीत धरले गेले. गेल्या उन्हाळ्यात तिने आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना दोराच्या पाच गाठी शिकवल्या आणि वाडीमागच्या उतारावरील भेगा कशा मोजून ठेवायच्या ते दाखवले. तेथील तळ्यात पहिल्यांदा उतरताना आपण सवयीने आजूबाजूला पाहिले, कोणी हटकते का म्हणून, असे तिने मला सांगितले. मी काही बोललो नाही.

पालकहो, क्रम एवढाच ध्यानात ठेवावा : आधी कराराची यादी, मग विषय आणि शिकवणारा, मग लेखी श्रेयांक, मग पैसा आणि विमा, आणि मग डोंगर. शेवटचा आहे म्हणून तो रकाना पुसू मात्र नये. आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती : विमानभाडे जमवताना अडलेले असे मूल आपल्या दाराशी आले, तर त्याची वही आधी पूर्ण वाचावी. माझ्यासारखी घाई करू नये.

जय भीम.