कोरकू मातेचे बोल यंत्राला समजतील काय?

सातपुड्याच्या डोंगरांत वसलेल्या मेळघाटातून एखादी कोरकू माता आजारी बालकाला घेऊन अमरावतीच्या किंवा आपल्या नागपूरच्या रुग्णालयात येते. डॉक्टर मराठीत विचारतात, "बाळ केव्हापासून दूध पीत नाही?" माता केवळ मान हलवते. ती मान होकाराची, नकाराची की भीतीची, हे कळण्यास मार्ग नसतो. आपल्या खिशातील मोबाईल इंग्रजी वा फ्रेंच वाक्याचे क्षणार्धात मराठी करून देतो. मग कोरकूचे का करीत नाही, असा प्रश्न कोणाही भाविकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर समजण्यासाठी यंत्र भाषांतर कसे शिकते ते पाहू. यंत्राला व्याकरण कोणी पढवीत नाही. एकाच अर्थाची दोन भाषांतील वाक्ये शेजारीशेजारी ठेवून अशा लक्षावधी जोड्या त्याच्यापुढे मांडल्या जातात आणि त्यांतून ते शब्दांचे व रचनेचे संबंध हेरते. मराठीसाठी वृत्तपत्रे, शासननिर्णय, पुस्तके असे भांडार उपलब्ध आहे. २०११च्या जनगणनेनुसार कोरकू मातृभाषा असणारे सुमारे सव्वासात लाख, तर गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख लोक आहेत; परंतु या भाषांत छापील मजकूर अत्यल्प आहे. म्हणजे उणीव बोलणाऱ्यांची नसून लेखनाची आहे.

मराठीच्या आधाराने हे काम साधेल असेही नाही. मराठी आर्यकुळातील, गोंडी द्राविडी कुळातील, तर कोरकू ही संथाळी व मुंडारी यांच्या मुंडा कुळातील आहे. शिवाय गडचिरोलीतील भामरागडची माडिया आणि मध्य प्रदेशातील मंडल्याची गोंडी यांत पुष्कळ अंतर आहे. लिपीही एक नाही: देवनागरी व तेलुगू लिपींखेरीज मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिपींना अनुक्रमे २०१७ व २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

या भाषांच्या नोंदी करण्याचे काम नागपूरला नवे नाही. येथील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेली आदिवासी जमातींविषयीची टिपणे त्यांच्या निधनानंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली. पुढे जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांचे सर्वेक्षण केले, तेव्हा प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनी उधळ्या पुत्राचा दाखलाच भाषांतरित करून मागविला. मुंडा व द्राविडी भाषांचा खंड १९०६ साली निघाला. एकच मजकूर अनेक भाषांत ठेवून तुलना करण्याची तीच रीत आज यंत्राला उपयोगी पडते.

पवित्र शास्त्राचा याच्याशी निकटचा संबंध आहे. अध्याय व ओव्या यांना क्रमांक असल्यामुळे दोन भाषांतील वाक्ये अचूक जुळविता येतात. २०२३ साली मेटा कंपनीने अकराशेहून अधिक भाषांसाठी वाणी ओळखणारी यंत्रणा घडविली, ती मुख्यतः नव्या कराराच्या ध्वनिमुद्रणांवर. परंतु येथे एक धोका ध्यानात घ्यावा. केवळ धर्मग्रंथावर पोसलेल्या यंत्राला मेंढपाळ व द्राक्षमळा कळेल. जुलाब, सलाईन, रेशनकार्ड कळणार नाही. आणि न कळलेल्या ठिकाणी ते गप्प न बसता आत्मविश्वासाने चुकीचे वाक्य सांगेल. औषध दिवसातून किती वेळा घ्यावे, हे सांगताना अशी चूक जिवावर बेतू शकते.

तरी आशेला जागा आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी 'आदि वाणी' या भाषांतर साधनाची प्राथमिक आवृत्ती सुरू केली. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध झाले असून पहिल्या टप्प्यात संथाळी, भिली, मुंडारी व गोंडी या भाषा घेण्यात आल्या. त्या यादीत कोरकू नव्हती. गोंडी आली, परंतु ती आपल्या माडिया बांधवांना कितपत आपली वाटेल, हे त्यांनीच पारखावयाचे आहे.

आपण काय करू शकतो? दुर्गम भागांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनी, शिक्षक व परिचारिका यांनी दररोज लागणारी दोनशे वाक्ये वहीत उतरवावीत: एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस स्थानिक बोली, आणि गावाचे नाव. आजी-आजोबांच्या तोंडून ती वदवून ध्वनिमुद्रित करावीत. मात्र त्यांची अनुमती घेतल्यावाचून एकही शब्द कोणास देऊ नये, कारण भाषा त्यांची आहे. आपण केवळ लेखनिक आहोत. आणि यंत्र सिद्ध होईपर्यंत रुग्णालयात कोरकू व गोंडी जाणणारा एखादा माणूस त्या मातेजवळ उभा राहील, अशी व्यवस्था आपणा सर्वांना आजही करता येईल.