अर्धं मैदान ज्याच्या हातात होतं

गोलकीपरने गोल केला तर आजही त्याची बातमी होते. मग एकाच सामन्यात दोन्ही गोलकीपरांनी गोल केले तर? १९१० साली स्कॉटलंडमध्ये हे खरंच घडलं! थर्ड लॅनर्कच्या गोलात होता जिमी ब्राउनली, मदरवेलच्या गोलात कॉलिन हॅम्प्टन; आणि गोल करणाऱ्यांत दोघांचीही नावं.

त्या काळचा नियम कळला की डोळे विस्फारतात. आज पेनल्टी एरियाची रेषा ओलांडून गोलकीपरने चेंडूला हात लावला की झाला फाऊल. ब्राउनलीला ही आडकाठीच नव्हती. पार मधल्या रेषेपर्यंत, आपल्या बाजूच्या अख्ख्या अर्ध्या मैदानात त्याने खुशाल चेंडू हाताळावा! फक्त चेंडू धरून दोन पावलांहून जास्त चालायचं नाही. पण जमिनीवर टप्पे देत, बास्केटबॉलसारखा पुढे नेला तर? चालायचं की! वेल्सचा गोलकीपर ली रिचमंड रूझ असाच मधल्या रेषेपर्यंत धावत जायचा. तिथून एक जोरदार किक, आणि चेंडू थेट शत्रूच्या दारात.

मग सगळेच का नाही धावायचे? कारण पाठीमागचा गोल उघडा पडायचा. शिवाय चेंडू हातात असलेल्या गोलकीपरला खांद्याने धडक मारणं तेव्हा नियमात बसायचं. त्या मोकळ्या मैदानात पाऊल टाकायला छाती लागत होती.

आणखी एक गंमत. १९०९ पर्यंत गोलकीपरची जर्सी इतरांसारखीच असायची. चिखलाने माखलेल्या अकरा सारख्या खेळाडूंत चेंडूला लागलेला हात नेमका कुणाचा? रेफ्रीची काय तारांबळ उडत असेल!

१९१२ मध्ये नियम बदलला आणि गोलकीपरचे हात पेनल्टी एरियात कोंडले गेले. ब्राउनली तेव्हा ऐन भरात होता. १९०९ ते १९१४ या काळात तो स्कॉटलंडकडून १६ सामने खेळला, म्हणजे दोन्ही नियमांखाली. मला याचंच जास्त अप्रूप वाटतं. पायाखालचं राज्य आक्रसलं, तरी देशाच्या गोलात हाच माणूस हवा होता! १९१२ च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर इंग्लंडविरुद्धचा त्याचा सामना बघायला १,२७,३०७ माणसं लोटली होती.

पुढे १९२३ मध्ये तो डंडी हायबर्नियनचा मॅनेजर झाला. त्याच वर्षी या क्लबने डंडी युनायटेड हे नाव घेतलं, आणि १९२५ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून ब्राउनलीचा संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला.