गाठ काढली, पण तपासली का?

 

महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की पिशव्यांतून कागद बाहेर निघतात. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचं पासबुक, आणि हल्ली दवाखान्याच्या फायलीसुद्धा. मागे एका ताईंनी आपल्या जावेची फाईल आणली. स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘ई.आर. पॉझिटिव्ह, पी.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’. घरच्यांना वाटलं, कॅन्सर तर आहेच, वर आणखी दोन रोग निघाले. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. खरं तर त्या ‘पॉझिटिव्ह’मध्ये दिलासा होता. कसा, तेच आज समजून घेऊ.

आपल्या अंगात जिथे जिथे पोकळी किंवा नळी आहे, तिथे आतून एक अस्तर असतं. ब्लाउजला असतं ना, तसंच. तोंडाच्या आत, अन्ननलिकेत, आतड्यात, गर्भाशयाच्या तोंडाशी, दुधाच्या नळ्यांत, सगळीकडे. बाहेरची कातडी हेही तसलंच आवरण. मोठ्या माणसांना होणारे बहुतेक कॅन्सर या अस्तराच्या पेशींतून सुरू होतात. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, हे सगळे त्यातलेच. या पेशींमध्ये केराटिन नावाचं प्रोटीन असतं. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात, त्याच कुळातलं. पेशी बिघडून दुसरीकडे जाऊन बसली, तरी ही खूण ती सहसा सोबत नेते.

ही खूण शोधायची कशी? इथे अँटिबॉडी कामाला येते. कोरोनात हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला. बाहेरचं काही अंगात शिरलं की शरीर ते नेमकं ओळखून पकडणारे रेणू तयार करतं, त्या अँटिबॉडी. शंभर करडांच्या कळपात शेळी आपलंच करडू हुंगून ओळखते. अँटिबॉडीही तशीच, ठरलेल्या एका खुणेलाच चिकटते.

१९७५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. अँटिबॉडी बनवणारी उंदराची पेशी त्यांनी न थांबता वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीशी जोडली. त्या जोडपेशीतून एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी मिळू लागली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज लॅबमध्ये छोट्या बाटल्यांत वेगवेगळ्या खुणांच्या अँटिबॉडी तयार मिळतात.

आता लॅबमध्ये काय होतं ते बघा. गाठीचा तुकडा आधी फॉर्मेलिन नावाच्या औषधात ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. मग तो मेणात बसवतात. मेणाच्या या लहान वडीला ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात. आधी नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ते बघतात. गरज असेल तर दुसऱ्या कापावर अँटिबॉडीचा थेंब सोडतात. खूण असेल तिथे ती चिकटते, बाकीची धुऊन जाते. पण अँटिबॉडी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यासोबत रंग आणणारं एक द्रव्य जोडतात. ते बहुधा मोहरी-मुळ्याच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळापासून मिळतं. त्यावर रंगाचं औषध घातलं की खूण असलेली जागा काथासारखी तपकिरी होते. या तपासणीला ‘आय.एच.सी.’ म्हणतात. फाईलमध्ये ही तीन अक्षरं शोधा.

तपकिरी रंगातून दोन गोष्टी कळतात. पहिली, हा रोग आला कुठून. समजा मानेत गाठ आली. आपल्याकडे पहिली शंका टी.बी.ची येते, आणि पुष्कळदा ती खरीही असते. पण मिश्री, तंबाखू लावणाऱ्या बाईच्या मानेतली गाठ तोंडाच्या कॅन्सरची असू शकते, किंवा गाठीच्या स्वतःच्या पेशींचाही कॅन्सर असू शकतो. मानेच्या गाठीत अस्तराच्या पेशींचं काही काम नसतं. तिथे केराटिनची खूण तपकिरी उमटली, तर या पेशी दुसरीकडच्या अस्तरातून आल्यात हे कळतं. या प्रत्येक आजाराचं औषध निराळं आहे.

दुसरी गोष्ट, औषध कोणतं लागू पडेल. स्तनाच्या गाठीत तीन खुणा बघतात. ई.आर. आणि पी.आर. म्हणजे बायकांच्या हार्मोनला पकडणाऱ्या जागा. त्या पॉझिटिव्ह आल्या, तर ती गाठ हार्मोनवर पोसली जातेय. मग टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी तिचं ते पोषण तोडते. ही गोळी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त घ्यावी लागते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडायची नाही. तिसरी खूण हर-टू. ती खूप जास्त असेल, तर पेशी भराभर वाढतात. पण तिच्यावर नेमकं ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे, आणि ते स्वतःसुद्धा एक अँटिबॉडीच आहे. अमेरिकेत ते १९९८ मध्ये आलं, आणि भारतात बनलेलं २०१४ मध्ये बाजारात आलं. हर-टूपुढे ‘२+’ लिहिलं असेल, तर उत्तर अजून पक्कं नाही. पुढची ‘फिश’ नावाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

म्हणून लक्षात ठेवा, इथे पॉझिटिव्ह म्हणजे नवा रोग नाही. आणि तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ‘कॅन्सर नाही’ असंही नाही. या गोळीचा आणि या इंजेक्शनचा उपयोग नाही, उपचाराची वाट वेगळी धरावी लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

अँटिबॉडी एकटी निकाल देत नाही, हेही सांगायला हवं. केराटिन निरोगी अस्तरातही असतं. त्यामुळे पेशींचा आकार, गाठीची जागा आणि तुमची माहिती, हे सगळं जुळवून पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर निदान लिहितात. आणि पॅकेजमध्ये रक्तातले ‘ट्यूमर मार्कर’ करून मिळतात, ते वेगळे. अंगाला गाठ लागली असेल, तर रक्त ठीक आलं म्हणून गप्प बसू नका. तुकडा तपासल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

हे सगळं वेळेत व्हायला हवं. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हातांनी तपासले. त्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून लाज धरून गाठ पदराखाली लपवू नका. आशाताईंना सांगा, सिव्हिलला जा.

आता कामाच्या गोष्टी. गटाच्या वहीत लिहून घ्या.

एक, कुठलीही गाठ काढायची ठरली, की आधीच विचारा, ‘तुकडा तपासायला जाणार ना?’ काढलेली गाठ तपासल्याशिवाय टाकू द्यायची नाही.

दोन, तुकडा न्यायला तुमच्याच हातात दिला, तर तो फॉर्मेलिनमध्ये आहे ना, हे विचारून घ्या. साध्या पाण्यात, सलाइनमध्ये किंवा कोरडा ठेवलेला तुकडा खराब होतो, मग रंगाचा भरवसा राहत नाही. बाटलीवर नाव, तारीख आणि बाजू, डावी की उजवी, लिहिलेली हवी. आणि ती त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा.

तीन, ब्लॉक आणि काचा मागून जपा. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला किंवा मुंबईला टाटाला जायची वेळ आली, तर त्याच ब्लॉकवरून पुन्हा तपासणी करता येते, परत सुई टोचावी लागेलच असं नाही. ब्लॉक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळतं.

चार, पैशांसाठी सावकाराकडे धावण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. आपली तपासणी त्यात बसते का, तेही तिथेच विचारा.

पाच, फाईल घेऊन जाताना बाईसोबत गटातली वाचता येणारी एक मैत्रीण जाऊ द्या. डॉक्टर काय म्हणाले ते तिथल्या तिथे लिहून घ्या.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की हा लेख मोठ्याने वाचा. आणि कुणाच्या घरी गाठीचा रिपोर्ट कपाटात पडून असेल, तर तो बाहेर काढायला सांगा.